कर्णबधिर व्यक्तींचे ऑनलाइन फसवणुकीपासून संरक्षण : खात्री करून घेण्याची वाट आधीच कशी तयार ठेवावी

ऑनलाइन फसवणुकीपासून सावध राहण्याविषयी जे काही छापले आणि सांगितले जाते, त्याचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो : शंका आली तर संबंधित संस्थेला फोन करून खात्री करून घ्या. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या दृष्टीने हा सल्ला ऐन मोक्याच्या क्षणी निरुपयोगी ठरतो. संदेश खरा की खोटा हे ठरवण्याची सर्वांत सोपी वाटच त्याला बंद असते. मग तो समोर आलेल्या मजकुरावर, त्यातल्या लिंकवर किंवा जवळ उभ्या असलेल्या कोणा ऐकणाऱ्या माणसावर विसंबतो, आणि भामट्याला नेमके हेच हवे असते. कर्णबधिर माणूस भोळा असतो म्हणून फसतो, हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय त्यामुळे उपायही भलत्याच जागी शोधला जातो. खात्री करून घेण्याची दुसरी वाट आधीच आखून, एकदा वापरून पाहून तयार ठेवणे हे खरे काम आहे, कारण पैसे मागणारा संदेश आल्यावर ती आखायला उसंत मिळत नाही.

पुढील मार्गदर्शन कर्णबधिर वाचकांसाठी आहे, तसेच त्यांचे कुटुंबीय, शिक्षक आणि सांकेतिक भाषेचे दुभाषी यांच्यासाठीही आहे. जागतिक कर्णबधिर महासंघाच्या अंदाजानुसार जगात ७ कोटींहून अधिक कर्णबधिर लोक असून ते ३०० हून अधिक सांकेतिक भाषा वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत, श्रवणदोषामुळे पुनर्वसनाची गरज असलेल्यांचा आकडा मात्र ४३ कोटींच्या पुढे जातो. या दोन आकड्यांमधले अंतर ध्यानात ठेवावे. उतारवयात ऐकू येईनासे झालेल्या गृहस्थांना लिहिलेली भाषा सहज वाचता येते, पण फोनवर अर्धवट ऐकू आलेले वाक्य ते अंदाजाने पूर्ण करतात. याउलट जन्मापासून सांकेतिक भाषेत वाढलेल्या मुलीची पहिली भाषा हातांची असते, आणि लिहिलेली भाषा ही तिने नंतर शिकलेली दुसरी भाषा असते. दोघांचे फसण्याचे मार्ग वेगळे आहेत, म्हणून आपल्या माणसाला पुढे दिलेल्या पाच पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीची गरज आधी आहे, हे घरच्यांनी त्याच्याशी बोलून ठरवावे.

धोका कुठून येतो

सर्वांत मोठा धोका अनोळखी माणसाकडून येतो असे आपण गृहीत धरतो. कर्णबधिर समाजात तो बरेचदा ओळखीच्या माणसाकडून, निदान ओळखीच्या चेहऱ्याने येतो. २००९ मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे तिथल्या भांडवल बाजाराच्या नियामकाने, हवाईतील बिलियन कूपन्स या कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. परकीय चलनाच्या व्यवहारांतून दरमहा चक्रवाढ होणारा २५ टक्क्यांपर्यंतचा परतावा मिळेल असे सांगून या कंपनीने अमेरिका आणि जपानमधील १२५ कर्णबधिर गुंतवणूकदारांकडून ४४ लाख डॉलर गोळा केले होते, आणि त्यासाठी कर्णबधिरांच्याच केंद्रांमध्ये बैठका भरवल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्याच नियामकाने इम्पिरिया इन्व्हेस्ट नावाच्या योजनेवर कारवाई केली. तिने जगभरातील सुमारे १४,००० लोकांकडून ७० लाख डॉलरहून अधिक रक्कम घेतली होती, आणि त्यांतले ४० लाखांहून अधिक डॉलर अमेरिकेतल्या कर्णबधिरांचे होते. तिची हमी होती दररोज १.२ टक्क्यांची. हा आकडा दिसायला किरकोळ वाटतो, पण चक्रवाढीने हिशेब केला तर ३६५ दिवसांत रक्कम जवळजवळ ७८ पट होते, आणि अशी हमी देऊ शकणारा व्यवसाय जगात कुठेही नाही.

अशी योजना का पसरते, हे समजून घेतल्याशिवाय तिला आळा घालता येत नाही. बँकेतले अर्ज, विम्याच्या अटी, गुंतवणुकीची माहितीपत्रके यांपैकी काहीही ज्याला कधी त्याच्या भाषेत समजावून सांगितले गेले नाही, त्याच्यासमोर कोणीतरी पहिल्यांदाच सांकेतिक भाषेत, सावकाश, प्रश्नांना उत्तरे देत पैशाविषयी बोलतो. त्यातून निर्माण होणारा विश्वास खराच असतो, फक्त तो योजनेपर्यंत जाऊन पोहोचतो. पहिल्या काही जणांना नंतरच्यांच्या पैशांतून परतावा मिळतो, ते प्रामाणिकपणे मित्रांना सांगतात, आणि शाळेपासून एकमेकांना ओळखणाऱ्या या छोट्या समाजात बातमी भराभर फिरते. ‘आपलाच माणूस आहे’ हे वाक्य सांकेतिक भाषेत असो वा बोलीत, पैशाच्या व्यवहारात पुरावा म्हणून धरू नये.

दुसरा प्रकार बनावट खात्याचा. कर्णबधिर व्यक्तीचे छायाचित्र आणि नाव उचलून समाजमाध्यमावर हुबेहूब दुसरे खाते उघडले जाते, किंवा तिचे मूळ खातेच ताब्यात घेतले जाते, आणि मग तिच्या मित्रयादीतल्या प्रत्येकाशी संभाषण सुरू होते. ते साधारण असे चालते :

‘कशी आहेस?’
‘मी बरी. तू?’
‘मी खूप खूश! कर्णबधिरांसाठीच्या मदत निधीतून मला पैसे मिळाले. यादीत तुझंही नाव पाहिलं. तुला अजून कोणी कळवलं नाही?’
‘नाही. कोणती यादी?’
‘मी तुला अधिकाऱ्याचं खातं देते, त्यांना लगेच मेसेज कर. आज शेवटचा दिवस आहे.’
‘व्हिडिओवर ये ना, नीट सांग.’
‘कॅमेरा बिघडलाय. आधी त्यांना मेसेज कर.’

या सात ओळींत पाहण्यासारखे बरेच आहे. पैसे मागितलेले नाहीत, उलट मिळाल्याचे सांगितले आहे. पैसे पुढे तो ‘अधिकारी’ मागेल, ‘प्रक्रिया शुल्क’ किंवा ‘पाठवणीचा खर्च’ म्हणून. मैत्रीण स्वतः काही विकत नाही, त्यामुळे संशय येत नाही. मुदत आजचीच आहे. आणि ज्या दोन मैत्रिणी एरवी रोज व्हिडिओवर हातांनी गप्पा मारतात, त्यांच्यापैकी एकीचा कॅमेरा नेमका आजच बिघडला आहे. कर्णबधिर व्यक्तीने व्हिडिओ टाळणे ही सगळ्यांत मोठी खूण समजावी.

भाषेची खूणही उपयोगी पडते, मात्र नेहमीच्या सल्ल्यापेक्षा उलट्या बाजूने. ‘शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर संदेश खोटा समजा’ असे सांगितले जाते. लिहिलेली भाषा ज्याची दुसरी भाषा आहे त्याला त्या चुका दिसतीलच असे नाही, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे भामट्यांच्या लिखाणात आता त्या फारशा उरलेल्याही नाहीत. त्याऐवजी मित्राची लिहिण्याची सवय आठवावी. जो मित्र नेहमी चार शब्दांची तुटक वाक्ये लिहितो, क्रियापदे गाळतो आणि अर्धे चिन्हांनी सांगतो, तो अचानक लांब, घोटीव वाक्ये लिहू लागला तर लिहिणारा हात दुसऱ्याचा असण्याची शक्यता मोठी आहे.

तिसरी वाट तंत्रज्ञानाने अलीकडे उघडली. बोलणे लगेच अक्षरांत दाखवणारी अॅप, उदाहरणार्थ कर्णबधिरांसाठीच्या अमेरिकेतील गॅलॉडेट विद्यापीठाच्या सहकार्याने घडवलेले आणि २०१९ मध्ये आलेले गूगलचे लाइव्ह ट्रान्स्क्राइब, यांनी कर्णबधिरांचे रोजचे जगणे खूप सोपे केले, यात शंका नाही. आवाजी फोनवरून होणारी फसवणूक पूर्वी त्यांच्यापर्यंत पोहोचतच नसे, ती मात्र आता पडद्यावरच्या अक्षरांच्या रूपाने पोहोचते. ऐकणाऱ्याला समोरच्या आवाजातली घाई, मागचा कॉल सेंटरचा गलका, उत्तर देताना घेतलेला अडखळा ऐकू येतो, पण पडद्यावर उमटणारी अक्षरे मात्र सगळी सारखीच नीटनेटकी आणि अधिकृत भासतात. त्यात नावे आणि आकडे चुकीचेही उमटतात. म्हणून अशा अक्षरांत वाचलेल्या फोनवर पैशाचा कोणताही निर्णय घेऊ नये, एवढा एकच नियम पाळावा.

पहिली पायरी : बँकेशी लेखी ठरवून घेणे

हे काम एका दिवसात होते आणि त्याचा उपयोग वर्षानुवर्षे होतो. बँकेला लेखी अर्ज द्यावा की खातेदाराला ऐकू येत नाही, त्यामुळे त्याच्याशी आवाजी फोनवर संपर्क करू नये, आणि प्रत्येक सूचना एसएमएस, ईमेल किंवा बँकेच्या अॅपवर द्यावी. अर्जाची पोच घ्यावी. या नोंदीचा दुहेरी फायदा होतो. एक तर खरी सूचना हुकत नाही, कारण संशयास्पद व्यवहार दिसल्यावर बँकेने केलेला फोन उचलला गेला नाही म्हणून कार्ड बंद पडण्याचा प्रसंग कर्णबधिर खातेदारांवर येतो. दुसरे म्हणजे ‘आम्ही आपल्याला फोन करण्याचा प्रयत्न केला, ताबडतोब या लिंकवर जा’ असा संदेश आला की तो खोटा असणार हे त्याच क्षणी समजते, कारण फोन न करण्याचे ठरलेले असते.

त्यानंतर बँकेला एक नेमका प्रश्न विचारावा : मध्यरात्री माझ्या खात्यातून पैसे जाताना दिसले, तर न बोलता मी ते कसे थांबवू? उत्तर ‘हेल्पलाइनला फोन करा’ असे आले तर ते स्वीकारू नये. अॅपमधून कार्ड गोठवण्याची सोय, लेखी चॅट, ठरावीक क्रमांकावर पाठवायचा एसएमएस किंवा दुभाषी सेवेमार्फतचा संपर्क, यांपैकी किमान एक मार्ग मिळेपर्यंत विचारत राहावे. मिळालेला मार्ग तिथेच, कर्मचाऱ्यासमोर, एकदा वापरून पाहावा, म्हणजे कार्ड गोठवून पुन्हा सुरू करून पाहावे. कागदावर लिहून घेतलेल्या आणि कधीही न वापरलेल्या मार्गावर घाबरलेल्या अवस्थेत भरवसा ठेवता येत नाही. प्रत्येक व्यवहाराची सूचना लहानात लहान रकमेपासून चालू करावी, आणि एका दिवसात पाठवता येणाऱ्या रकमेची मर्यादा रोजच्या गरजेएवढीच ठेवावी.

दुभाषी किंवा रिले सेवा, म्हणजे आपले संकेत किंवा लिहिलेला मजकूर समोरच्याला बोलून आणि त्याचे बोलणे आपल्याला संकेतांनी किंवा लिहून पोहोचवणारी फोनसेवा, जिथे आहे तिथे तिच्याविषयी दोन गोष्टी माहीत असाव्यात. ब्रिटनमध्ये क्रमांकाआधी १८००१ लावून आणि अमेरिकेत ७११ या क्रमांकाने ही सेवा घेता येते. पहिली गोष्ट अशी की काही बँका आणि दुकाने रिलेवरून आलेला फोन संशयाने तोडतात. त्याला इतिहास आहे : अमेरिकेत इंटरनेटवरून चालणाऱ्या लेखी रिलेचा गैरवापर करून भामटे चोरीच्या कार्डांवर माल मागवत असत, आणि ओळख न तपासता वापरकर्त्याला तात्पुरता प्रवेश देण्याची पद्धत तिथल्या दूरसंचार आयोगाने २०१२ मध्ये बंद केली. कर्णबधिरांच्या नावाने इतरांनी केलेल्या या उद्योगाचा भुर्दंड आजही कर्णबधिरच भरतात, म्हणून आपला फोन रिलेमार्फत येईल ही नोंद बँकेच्या अर्जातच करून घ्यावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रिलेवरचा दुभाषी संभाषण जसेच्या तसे पोहोचवण्यास आणि गुप्त ठेवण्यास बांधलेला असतो. समोरचा माणूस उघड उघड लुबाडत असला तरी तो मध्ये पडून सावध करत नाही, त्याला तसे करण्याची मुभा नसते. ‘दुभाष्याने काही म्हटले नाही, म्हणजे सारे ठीक असेल’ हा निष्कर्ष त्यामुळे धोक्याचा आहे.

दुसरी पायरी : फोन आणि खाती बंदिस्त करणे

सर्वांसाठी सांगितली जाणारी काळजी, म्हणजे प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, दोन टप्प्यांची पडताळणी आणि अॅपचे अद्ययावतीकरण, इथेही लागू आहेच. त्यावर अधिक लिहीत नाही. ज्या बाबतीत कर्णबधिर व्यक्तीची स्थिती वेगळी आहे, तेवढ्याच पुढे देत आहे.

व्हॉइसमेल ही त्यांतली पहिली. ज्याला ऐकू येत नाही तो व्हॉइसमेल कधी उघडत नाही, त्यामुळे त्याचा कंपनीने दिलेला मूळ पिन वर्षानुवर्षे तसाच राहतो. व्हॉट्सअॅपसारख्या सेवा पडताळणीचा कोड फोन करून बोलून सांगण्याची सोय देतात. भामटा रात्री तो फोन मागवतो, फोन उचलला जात नाही, कोड व्हॉइसमेलमध्ये जाऊन पडतो, आणि तो मूळ पिन वापरून बाहेरून ऐकतो. मोबाइल कंपनीला सांगून व्हॉइसमेल बंदच करून घ्यावा, आणि व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन द्विस्तरीय पडताळणीचा स्वतःचा सहा अंकी पिन ठेवावा.

दुसरी बाब सिमकार्डाची. भामट्याने कर्णबधिर व्यक्तीच्या नावाने दुसरे सिम मिळवले की मूळ फोनचे नेटवर्क जाते. ऐकणाऱ्याला फोन लागत नसल्याचे तासाभरात कळते, पण घरच्या वायफायवर व्हिडिओ आणि संदेशांतच दिवस काढणाऱ्या कर्णबधिर व्यक्तीच्या ते संध्याकाळपर्यंतही लक्षात येत नाही, कारण वायफायवर सारे सुरळीत चाललेले असते. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातील नेटवर्कच्या रेघांकडे अधूनमधून पाहण्याची सवय लावून घ्यावी, आणि घराच्या बाहेर इतर सर्वांना नेटवर्क असताना आपल्याच फोनवर ते नसेल, तर आधी खाते गोठवावे, मग मोबाइल कंपनीकडे जावे. बँकेने सोय दिली असेल तर एसएमएसवरच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अॅप (फोनवरच कोड तयार करणारे अॅप) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या कुलपानेच प्रवेश देणारी सोय) वापरणे अधिक सुरक्षित असते.

सूचना कानावर पडत नाही म्हणून ती डोळ्यांना किंवा त्वचेला कळली पाहिजे. आयफोनमध्ये आणि बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनमध्ये सूचना आल्यावर कॅमेऱ्याचा दिवा चमकवण्याची सोय सुलभतेच्या सेटिंग्जमध्ये असते. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळात तीच सूचना कंपनाने कळते. बँकेच्या सूचना त्यावर चालू ठेवून इतर अॅपच्या बंद ठेवाव्यात, नाहीतर दिवा दिवसभर चमकत राहतो आणि त्याकडे पाहणेच सुटते.

तिसरी पायरी : ओळख पटवण्याची सांकेतिक रीत

या ठिकाणी कर्णबधिर व्यक्तींच्या हाती एक बळ आहे, आणि त्याचा पुरेसा उपयोग होत नाही असे मला वाटते. सांकेतिक भाषा अस्खलित येणे ही गोष्ट चोरता येत नाही. म्हणून मित्रमंडळात आणि कुटुंबात एकच नियम ठरवावा : पैसा, कोड, लिंक किंवा यादी यांचा विषय निघाला की त्याच वेळी थेट व्हिडिओवर यायचे आणि हातांनी बोलायचे. जो येणार नाही त्याच्याशी तो विषय पुढे न्यायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना, आणि याचा राग कोणी मानायचा नाही, हेही आधीच ठरवून ठेवायचे.

व्हिडिओ समोर आला तरी काम संपत नाही. समाजमाध्यमांवर कर्णबधिर लोक स्वतःचे व्हिडिओ भरपूर टाकतात, आणि त्यांतला एखादा तुकडा ‘थेट’ म्हणून दाखवणे अवघड नाही. त्यासाठी समोरच्याला असा प्रश्न विचारावा ज्याचे उत्तर आधी चित्रित केलेले असूच शकत नाही, उदाहरणार्थ, आपण शेवटचे कुठे भेटलो होतो, तेव्हा सोबत कोण होते, आणि आत्ता मी कोणत्या रंगाचे कपडे घातले आहेत. शिवाय बोटे पसरून हात चेहऱ्यासमोरून हळूहळू न्यायला सांगावे आणि मान पूर्ण बाजूला वळवायला सांगावे. चेहरा बदलून दाखवणारी अनेक साधने अशा वेळी अडखळतात, कडा थरथरतात, बोटांमागचा चेहरा विरघळल्यासारखा दिसतो. ही साधने दिवसेंदिवस सुधारत आहेत, त्यामुळे केवळ हातांच्या या चाचणीवर भिस्त ठेवू नये. दोघांनाच ठाऊक असलेली आठवण आणि सांकेतिक भाषेची सहज लय या दोन गोष्टी अधिक भरवशाच्या आहेत. प्रत्येकाची संकेत करण्याची ढब वेगळी असते, आणि वर्षानुवर्षांच्या मित्राला ती न सांगता ओळखू येते.

कुटुंबातल्या ऐकणाऱ्या माणसांना सांकेतिक भाषा येत नसेल, तर एक खूण ठरवावी, एखादा हातवारा, जो कधीही लिहून पाठवायचा नाही, छायाचित्रात दाखवायचा नाही, आणि फक्त थेट व्हिडिओवर किंवा समोरासमोर वापरायचा.

चौथी पायरी : पैसे देण्याआधीची थांबण्याची जागा

नियम थोडेच ठेवावेत, कारण दहा नियम कोणी पाळत नाही. मदत, अनुदान, बक्षीस, मोफत श्रवणयंत्र, घरबसल्या नोकरी किंवा अपंगत्वाच्या ओळखपत्राचे नूतनीकरण यांच्या नावाखाली कोणी आधी पैसे मागितले, तर ते देऊ नयेत. गुंतवणूक सुचवली गेली तर कंपनीने पाठवलेल्या लिंकवर न जाता, आपल्या देशाच्या भांडवल बाजार नियामकाच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकून तिची नोंदणी तपासावी. गिफ्ट कार्डाचे क्रमांक, आभासी चलन किंवा अनोळखी खाजगी व्यक्तीच्या खात्यात रक्कम मागणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवावे. आणि कोणतीही मोठी रक्कम ठरल्या दिवशी न देता दुसऱ्या दिवशी, मधल्या काळात एका विश्वासू माणसाला दाखवून मगच द्यावी. घाई करणारा माणूस एक दिवस थांबायला तयार नसेल, तर त्याचा हेतू वेगळा तपासण्याची गरज उरत नाही.

पाचवी पायरी : मदत करणाऱ्या ऐकणाऱ्या माणसाची मर्यादा

हा भाग लिहिताना अवघडल्यासारखे होते, पण तो टाळता येत नाही. कर्णबधिर व्यक्तीच्या वतीने बँकेला फोन करणारी मुलगी, भाऊ, शेजारी किंवा सहकारी हे बहुतेक वेळा चांगल्या मनाने मदत करतात, आणि त्या मदतीच्या ओघात पिन, पासवर्ड आणि ओटीपी सगळे त्यांच्या हाती जाते. खातेदाराला मात्र लहानपणापासून अशी सवय लागते की फोन आला की जवळ दिसेल त्या ऐकणाऱ्याच्या हातात द्यायचा. ज्याने कोड माणसांमध्ये वाटण्याची सवयच लावून घेतली आहे, त्याला ‘कोड कोणालाही सांगू नका’ हा इशारा पोकळ वाटतो.

उपाय औपचारिक आहे. बँकेत कोणाला प्रतिनिधी नेमायचे असेल तर ते लेखी अधिकारपत्राने नेमावे. अनेक ठिकाणी खाते फक्त पाहण्याचा, व्यवहार न करण्याचा अधिकार देता येतो, आणि घरच्यांसाठी तोच पुरेसा असतो. फोनवर बोलून देणाऱ्याने खातेदारासमोर बसून बोलावे, प्रत्येक प्रश्न त्याला संकेतांनी किंवा लिहून दाखवावा, उत्तर त्याच्याकडून घ्यावे आणि ओटीपी टंकण्याचे काम त्याच्याच बोटांनी व्हावे. अल्पवयीन मुलांना, विशेषतः कर्णबधिर पालकांच्या ऐकणाऱ्या मुलांना, बँकेच्या व्यवहारात दुभाषी करू नये. त्यांच्यावर ते ओझे होते, आणि आईवडिलांच्या आर्थिक निर्णयाची जबाबदारी त्यांच्या माथी येते.

शिकवायचे कसे

माहितीपत्रक वाटून हे साधत नाही. सांकेतिक भाषेत, शक्यतो कर्णबधिर शिक्षकाकडून, खऱ्या संदेशांचे नाव-क्रमांक झाकलेले स्क्रीनशॉट पडद्यावर दाखवून शिकवावे, आणि त्यानंतर दोघादोघांनी एकाने भामट्याची व दुसऱ्याने खातेदाराची भूमिका करून वर दिलेले संभाषण प्रत्यक्ष करून पाहावे. भामट्याची भूमिका करणाऱ्याला घाई कशी लावायची, लाज कशी वाटायला लावायची हे स्वतः शोधावे लागते, आणि त्यातूनच ते पुढे ओळखू येते. ‘सावध राहा’ या उपदेशापेक्षा यंत्रणा समजावून सांगणे उपयोगाचे आहे : ओटीपी ही आपल्या खात्याची किल्ली आहे, ती आपण कुठेतरी प्रवेश करताना बँक आपल्याला देते, आणि आपण प्रवेश करतच नसताना ती आली असेल, तर दुसरा कोणी दाराशी उभा आहे.

फसवणूक झालीच तर

पहिल्या काही मिनिटांत एवढेच करावे : आधी ठरवून ठेवलेल्या न बोलण्याच्या मार्गाने खाते आणि कार्ड गोठवावे, बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी, आणि संभाषण पुसू नये. लाजेपोटी बरेच जण सर्वांत आधी चॅट पुसून टाकतात, आणि त्याबरोबर पुरावाही जातो. संदेशांचे, खात्याच्या पानाचे आणि व्यवहार क्रमांकाचे स्क्रीनशॉट तारीख दिसेल अशा रीतीने घ्यावेत. लिहिणे जड जात असेल तर काय घडले ते लगेच स्वतःच्या सांकेतिक भाषेत व्हिडिओ करून ठेवावे. ताज्या आठवणीतले ते निवेदन पुढे दुभाष्याला भाषांतरासाठी फार उपयोगी पडते.

कळवण्याच्या वेगाला अनेक देशांत कायदेशीर किंमत आहे. अमेरिकेत कार्ड हरवल्याचे किंवा चोरीला गेल्याचे कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत बँकेला सांगितले, तर अनधिकृत व्यवहारांतील ग्राहकाचे दायित्व ५० डॉलरपुरते मर्यादित राहते. भारतात रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकात, त्रयस्थाच्या गैरकृत्यातून झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार नाही, असे म्हटले आहे. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून ग्राहकाकडूनच पाठवून घेतलेल्या रकमांची ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई बँकांवर बंधनकारक आहे. परिस्थितीमुळे ज्यांना धोका अधिक आहे अशा ग्राहकांना तिथे सावधगिरीच्या काही अटींमधून सूट मिळू शकते. पहिल्या पायरीत बँकेकडे करून ठेवलेली नोंद अशा वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडते.

पोलिसांकडे तक्रार करताना आवाजी हेल्पलाइन हाच एक मार्ग नसतो. अमेरिकेत एफबीआयचे इंटरनेट क्राइम कंप्लेंट सेंटर ऑनलाइन अर्जावर तक्रार घेते. भारतात १९३० ही हेल्पलाइन आवाजी असली तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवता येते. जबाब देण्यासाठी प्रशिक्षित दुभाषी मागावा. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये मंजूर झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमानुसार न्यायापर्यंत पोहोचण्यासाठी लागणाऱ्या सोयी पुरवणे हे करारात सामील देशांचे कर्तव्य आहे. नात्यातल्या माणसाने दुभाषी होऊ नये, कारण व्यवहारात त्याचा हात असण्याची शक्यता तपासणाऱ्यांना खुली ठेवावी लागते.

छोट्या समाजात अडचण वेगळीच असते. तक्रार केली तर सगळ्यांना कळेल, आणि फसवणारा आपल्यातलाच असेल तर त्याच्याविरुद्ध जाणे म्हणजे समाजाशी गद्दारी, असे मानले जाते. इम्पिरियासारखी योजना पहिल्या काही तक्रारींतच थांबली असती तर पुढच्या हजारोंचे पैसे वाचले असते, हे कर्णबधिरांच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी सभासदांना उघडपणे सांगावे, आणि तक्रारदाराचे नाव न घेता फसवणुकीची पद्धत सांकेतिक भाषेतल्या व्हिडिओने दोन दिवसांच्या आत सर्वांपर्यंत पोहोचवावी.

शेवटचा इशारा पैसे गेल्यानंतरच्या दिवसांसाठी आहे. फसलेल्यांच्या याद्या भामट्यांमध्ये विकल्या जातात, आणि काही आठवड्यांनी ‘आम्ही तुमचे पैसे परत मिळवून देतो’ असे सांगणारा वकील, अधिकारी किंवा तंत्रज्ञ संपर्क करतो. तोही आधी शुल्क मागतो. त्याला उत्तर देऊ नये, त्याचा संदेश मूळ तक्रारीच्या क्रमांकासह पोलिसांना पाठवावा, आणि त्याचे खाते रोखून टाकावे.